सकाळी पाया पडू नये

गल्लीत सगळ्यात आधी जाग कोणाला येते असं विचारलं असतं तर सगळ्यांनी कौसाबाईंचं नाव घेतलं असतं, आणि ते खरंही होतं. फक्त जाग येणं आणि उठणं यांच्यात कौसाबाईंच्या बाबतीत बरंच अंतर पडायचं, हे गल्लीला ठाऊक नव्हतं. पहाटे डोळे उघडायचे आणि डोळ्यांखेरीज दुसरं काही उघडायला तयार नसायचं. बोटं सुजून ताठ, टाचा अशा की जमिनीचा विचार केला तरी ठणकाव्यात, आणि कूस बदलायची म्हटलं तर आधी खांद्याची परवानगी काढावी लागे. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. कौसाबाईंची मूठ सकाळी झाकतच नव्हती.

गल्लीत मात्र त्यांचा लौकिक वेगळाच होता. कौसाबाई पहाटेपासून मागच्या खोलीत दार लावून जप करतात, असं सगळे म्हणत. हा शोध तापीफुईंचा. फुई म्हणजे आत्या, आणि तापीफुई म्हणजे कौसाबाईंच्या नवऱ्याची, लोटनरावांची थोरली बहीण, कौसाबाईंची नणंद, भिंतीला भिंत लावून राहणारी. एका पहाटे त्यांनी खिडकीतून डोकावून पाहिलं, तर गोधडीखाली भावजयीची बोटं एकेक करून हलत होती आणि ओठ काहीतरी पुटपुटत होते. ओठ "आई गं, मेले" असं म्हणत होते, पण तेवढं काही फुईंना ऐकू गेलं नाही. त्यांनी हात जोडले, आणि सूर्य वर येईपर्यंत तापीकाठच्या त्या गावात कौसाबाई माळकरीण झाल्या. कौसाबाईंनी ते खोडून काढलं नाही. फुकटात पुण्य पदरी पडत असेल तर कोण नाही म्हणतं?

खरा प्रकार असा होता. मुलाच्या, नवनीतच्या जन्मानंतर कौसाबाईंच्या कोपरांवर आणि केसांच्या कडेला लाल चट्टे उठले, वर पांढरा कोंडा. डॉक्टरांनी सोरायसिस सांगितलं. नाव कळून काही फायदा झाला नाही, कारण एका लग्नघरी पापड लाटायला बसल्या असताना एका बाईने त्यांच्या कोपराकडे पाहिलं आणि "तू ऱ्हाऊ दे माय, दमेल दिसी ऱ्हायनी" असं म्हणून लाटणं हळूच काढून घेतलं. लाटणं काढून घेताना तिने ते पदराने पुसलंही. त्या दिवसापासून कौसाबाई लांब बाह्यांचं पोलकं घालायला लागल्या. नंदुरबारच्या उन्हाळ्यात, जेव्हा कुत्रीसुद्धा मोरीत झोपतात, तेव्हाही बाह्या मनगटापर्यंत.

पुढे चामडीचं दुखणं सांध्यांत उतरलं. नंदुरबारच्या डॉक्टरीणबाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. त्यांनी समजावून सांगितलं की हा सोरायसिसचाच संधिवात आहे, मुळापासून जाणार नाही पण ताब्यात राहील. आठवड्याची गोळी चुकवायची नाही, ठरल्या वेळी रक्त तपासायचं, आणि सकाळी अंगावर जबरदस्ती करायची नाही. आधी पांघरुणातच पडल्या पडल्या घोटे फिरवायचे, बोटं एकेक करून वाकवायची, खांदे हलवायचे. मग कोमट पाण्यात हातपाय. मग घरातल्या घरात चालणं. आणि दिवसभर एका जागी फार वेळ बसायचं नाही, नाहीतर सांधे पुन्हा धरतात. लोटनराव शेजारी बसून ऐकत होते. त्यांना ते लगेच पटलं. थंडीत ट्रॅक्टर सुरू केल्या केल्या रेस करत नाहीत, आधी गरम होऊ देतात, एवढंच ना, असं ते म्हणाले. डॉक्टरीणबाई हसल्या आणि हो म्हणाल्या. तेव्हापासून पहाटेचा बंब पेटवायचं काम लोटनरावांकडे आलं, आणि घरात ट्रॅक्टर कोण आणि ड्रायव्हर कोण यावरून दोघांची रोज थोडी कुरबुर व्हायला लागली.

तर असा हा कौसाबाईंचा जप. आठ वाजेपर्यंत तो संपायचा, आणि मग बाहेर यायची ती भरभर चालणारी, शेजारणींची थट्टा करणारी, मजुरांना आवाज देणारी कौसाबाई. हे बिंग कोणाला कळत नव्हतं आणि कळण्याचं काही कारणही नव्हतं. मग नवनीतचं लग्न ठरलं.

मुलगी तळोदा बाजूची, रोहिणी. उंच, सावळी, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत बघणारी. कौसाबाईंना ती बघताक्षणी आवडली, इतकी की घरी येताना जीपमध्ये त्यांनी तिचीच बाजू घेऊन नवनीतला दोनदा झापलं, तो बिचारा काहीच बोलला नसताना. पण मुलीकडच्यांना आपल्या दुखण्याबद्दल सांगावं की नाही, हा विषय निघाला तेव्हा त्यांनी तो तिथेच दाबला. घरात रोग आहे म्हटलं की स्थळ मोडतं, एवढं त्यांना ठाऊक होतं. लोटनरावांना आणि नवनीतला त्यांनी देवासमोर उभं करून शपथ घातली. लोटनरावांनी शपथ घेताना तोंड वाकडं केलं, पण घेतली.

लग्न थंडीत झालं. आणि तिथून खरी गंमत सुरू झाली, म्हणजे गंमत आपल्याला, कौसाबाईंना नाही.

या घराची एक रीत होती. नवी सून पहिली आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येईपर्यंत रोज सकाळी, चहाच्या आधी, थोरांच्या पाया पडते. नुसतं वाकून हात लावणं नव्हे. पदराचं टोक हातात धरून दोन्ही पाय घोट्यापासून बोटांपर्यंत तीनदा चेपायचे, आणि थोरांनी डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद द्यायचा. कौसाबाईंनीही नवी सून असताना हे केलं होतं, तापीफुईंनी सासरी केलं होतं, आणि आता ही रीत पाळली जाते की नाही हे पाहायला फुई भिंतीपलीकडे कान लावून बसलेल्या असायच्या.

पहिल्याच पहाटे रोहिणी न्हाऊन, डोक्यावर पदर घेऊन मागच्या खोलीत आली. कौसाबाई गोधडीत, बोटं अजून ताठ. रोहिणीने पाय हातात घेतले आणि मन लावून चेपले. चांगल्या घरची मुलगी, दाब जोरदार होता. कौसाबाईंच्या डोळ्यांसमोर सातपुड्यासकट सगळं फिरलं. पाय आपोआप मागे गेले, इतके झटकन की रोहिणीच्या हातात पदराचं टोकच राहिलं. ती वाकलेलीच थांबली, डोक्यावर हात येईल म्हणून. हात आला नाही. खांद्यातून हात वर निघायचाच नाही त्या वेळी. मग तिने चहाची कपबशी पुढे केली, तर कौसाबाई म्हणाल्या, तिथे ठेव. कारण बशी धरली असती तर चहा गोधडीवर गेला असता.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. पाय मागे, डोक्यावर हात नाही, चहा तिथे ठेव. वर जप चालू असल्यामुळे सकाळी जास्त बोलायचं नाही, असं फुईंनी सुनेला बजावलेलं. कौसाबाईंना मनातून वाईट वाटायचं. ही रीत बंद करून टाकावी असंही त्यांच्या मनात आलं, पण फुई का म्हणून विचारतील, आणि फुईंनी का विचारलं की उत्तर मिळेपर्यंत त्या जेवत नाहीत. तेव्हा त्यांनी दुसरा मार्ग धरला. सकाळी जे द्यायचं राहून जातं ते दिवसा दुप्पट द्यायचं. दहाच्या पुढे त्या रोहिणीचे केस विंचरायच्या, बाजारातून तिच्यासाठी मुद्दाम पेरू आणायला लावायच्या, शेजारणी आल्या की त्यांच्यासमोर सुनेचं कौतुक करताना थांबायच्या नाहीत. सकाळची फिटंफाट झाली असं त्यांना वाटत होतं. इतकी मोठी चूक त्यांनी आयुष्यात केली नव्हती.

ते कळलं आखाजीच्या तोंडावर. आखाजी म्हणजे आमच्या खान्देशातल्या लेकीबाळींचा सण. अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी जातात, झाडांना झोके बांधतात, आणि नवी नवरी असेल तर तिचा भाऊ तिला न्यायला येतो. रोहिणीचा भाऊ भरत येणार म्हणून निरोप आला होता. त्याच दुपारी तापीफुई पदराने वारा घेत आल्या, ओट्यावर बसल्या, घोटभर पाणी प्यायल्या आणि नेहमीच्या मानाने फार हळू आवाजात बोलल्या. भिंतीपलीकडून त्यांनी रोहिणीचं आईशी चाललेलं फोनवरचं बोलणं ऐकलं होतं. चुकून, असं त्या म्हणाल्या.

"कौसा, तुन्ही सून आखाजीले गयी का परत येस असं माले वाटत नही," त्या म्हणाल्या. "आईले सांगी ऱ्हायनी व्हती, सकायले कोनी ऱ्हात नही तवय सासू पायले हात बी लावू देत नही. लोके उनात का मंग गोड बोलस."

कौसाबाईंच्या हातातली परडी खाली गेली, आणि या वेळी सांध्यांचा काही दोष नव्हता. आता त्यांना सगळं सुनेच्या बाजूने दिसलं. सकाळी दोघी एकट्या असताना सासू दगड, आणि दिवसा चार माणसं जमली की साखर. मग खरी सासू कुठली? कोणीही सकाळचीच म्हणेल. त्यांनी दिवसभर जितकं जास्त कौतुक केलं तितकं ते त्या मुलीला नाटक वाटत गेलं. तीन महिने ती पोर रोज पहाटे न्हाऊन त्यांच्या खोलीत येत होती आणि रोज नको म्हटल्यासारखी परत जात होती. कौसाबाईंना भडभडून आलं. लाटणं काढून घेतलेल्या बाईचा चेहरा त्यांना आठवला, आणि आपण या मुलीला तेच केलं असं वाटून त्या कोपऱ्यात तोंड करून बसल्या.

लोटनराव शेतातून आले तेव्हा त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि केळीच्या पानावरचं पाणी झटकावं तसा प्रश्न झटकून टाकला. "सांगी टाक ना तिले. कसाले इतला घोर करस?"

सांगून टाकायचं. पुरुषाला सगळं सोपं. कौसाबाईंना दोन्हीकडून भीती होती. न सांगावं तर मुलगी जाते, रुसून. आणि सांगावं तर मुलगी जाते, फसवलं म्हणून. नवनीतला विचारलं तर तो डोकं खाजवत म्हणाला की रोहिणी त्याच्याशी यातलं एक अक्षर बोलली नव्हती. बोलणार कशी? आईविरुद्ध तक्रार घेऊन कुठली नवी नवरी नवऱ्याकडे जाते? त्याच्या दुकानाची वेळ झाली होती, ठिबकच्या नळ्या मोजायला तो शहाद्याला निघून गेला. जाताना "तू म्हणशील तसं" म्हणाला. असे मुलगे देव जोडीनेच देतो, नवऱ्याबरोबर.

दुसऱ्या दिवशी दुपारी कौसाबाईंनी धीर केला. वर्षाच्या मसाल्यासाठी नंदुरबारहून आणलेली लाल मिरची ओट्यावर पसरली होती आणि सासू-सून देठ काढत बसल्या होत्या. शिंका, खोकला आणि मधेच हसणं असं चाललं होतं. कौसाबाईंनी इकडचं तिकडचं बोलून शेवटी विषय काढला. सकाळी आपले हात चालत नाहीत, बोटं वाकत नाहीत, पायांना हात लावला की जीव जातो, म्हणून पाय मागे घेतले जातात, असं त्यांनी सरळ सांगून टाकलं. सांगून झाल्यावर छातीवरचं ओझं उतरल्यासारखं वाटलं त्यांना.

 रोहिणी सासूच्या हातांकडे बघत होती. कौसाबाईंनीही मग खाली पाहिलं. त्यांची बोटं पाखरांसारखी भराभर मिरच्यांवरून फिरत होती, देठ पटापट निघत होते, रोहिणीच्या पुढ्यातल्या ढिगापेक्षा त्यांचा ढीग मोठा होता. रोहिणीने मान डोलावली, हो आई म्हणाली, आणि पुढची मिरची उचलली. त्या 'हो आई'मध्ये इतकी सभ्यता होती की कौसाबाईंना कोणीतरी तोंडावर खोटारडी म्हटलेलं परवडलं असतं.

दुपारी सांगून उपयोग नव्हता. दुपारी त्या धडधाकट होत्या. हे दुखणं चोरासारखं पहाटे येणारं, उजाडलं की साक्षीपुरावा न ठेवता पसार होणारं. ज्याला खरं पाहायचं असेल त्याने पहाटेच पाहायला हवं, आणि पहाटे गोधडीखालच्या कौसाबाईंना आजवर कोणी नीट पाहिलं नव्हतं, रोज येऊन जाणाऱ्या रोहिणीनेही नाही. लोटनराव सोडून, आणि लोटनराव बघायचे कमी आणि बडबडायचे जास्त. गोधडीत पडलेली, केस विस्कटलेली, उघड्या कोपरांवर चट्टे, पाणी मागायलासुद्धा हात न उचलता येणारी बाई. तिला बघू द्यायचं, आणि तेही सुनेला. लग्नात लुगडं फाटलं असतं तरी त्यांना इतकी लाज वाटली नसती.

पण रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी रोहिणीला बोलावलं आणि सांगितलं की उद्या सकाळी ये, दार नुसतं लोटलेलं असेल, आणि बसायच्या तयारीने ये. लोटनरावांना सांगितलं की मी आवाज देईपर्यंत बंबाचं पाणी आणायचं नाही. नवरा बुचकळ्यात पडला, पण गप्प राहिला. बऱ्याच वर्षांनी तो गप्प राहिला म्हणून कौसाबाईंना त्याचंही थोडं प्रेम आलं.

पहाटे जाग आली आणि सवयीने त्या घोटे फिरवायला निघाल्या. मग थांबल्या. आज हलवायचं नव्हतं. हलवलं तर थोडं सुटणार, आणि सुटलं की पुन्हा दुपारच्या मिरच्यांसारखंच होणार. हे फार अवघड गेलं. रोज ज्या गोष्टीने थोडा थोडा जीव परत येतो ती गोष्ट हाताशी असून करायची नाही, म्हणजे तहानलेल्याने तापीच्या पाण्यात उभं राहून तोंड बंद ठेवायचं. बाहेर कोंबडा ओरडला, दूध घेऊन कोणाची तरी मोटरसायकल गेली. कौसाबाई लाकडासारख्या पडून राहिल्या. बाह्या त्यांनी रात्रीच वर सारून ठेवल्या होत्या, कारण सकाळी ते जमलं नसतं.

रोहिणी आली. डोक्यावर पदर, हातात चहा. तिने दिवा लावला, चहा खाली ठेवला, आणि रोजच्यासारखी पायाशी वाकली.

"थांब," कौसाबाई म्हणाल्या. "पह्यले मन्हा हात देख. मूठ मिटी दाखाडस."

त्यांनी गोधडीवर पडलेला उजवा हात मिटायचा प्रयत्न केला. बोटं थोडी वाकली, थरथरली, आणि तिथेच थांबली. मधलं बोट तर मुळापासून टोकापर्यंत सुजून लाल झालेलं होतं. रोहिणी वाकल्या जागीच बसली. तिची नजर बोटांवरून नखांवर गेली, नखांवर सुईने टोचल्यासारखे बारीक खड्डे; मग मनगटावरून कोपरावर, जिथे पांढरट खवल्यांचे चट्टे दिव्याच्या उजेडात लपण्यासारखे राहिले नव्हते. कौसाबाईंनी डोळे मिटून घेतले नाहीत. घ्यावेसे फार वाटले, तरी नाही.

"इतलीच मिटस," त्या म्हणाल्या. "आनि पाय दाबा का जीव जास. डोकावर हात ठेवाना ते हात वर जात नही. आठ वाजापावत अशीच ऱ्हास मी. तुन्हा राग नही माय. तुन्हा राग माले कधी उनाच नही."

रोहिणीने हळूच विचारलं, "आनि तो जप?"

"कसाना जप. बोटे हालाडस मी."

रोहिणीच्या तोंडातून एक आवाज निघाला. तो हसू होता की रडू, हे कौसाबाईंना कळलं नाही, आणि बहुतेक रोहिणीलाही कळलं नसावं. पण लगेच तिचा चेहरा बदलला. कौसाबाईंनी तिचे डोळे पाणावताना पाहायची तयारी केली होती; ती चिडली. चांगलीच चिडली. पदर डोक्यावरून खांद्यावर आला तरी तिने तो सावरला नाही.

"तीन महिना व्हयनात," ती म्हणाली. "मन्ही आई फोनवर रोज रडस. एक शब्द सांगता नही उना तुमले?"

 कौसाबाईंनी तिला लाटण्याची गोष्ट सांगितली. लग्नाच्या आधी सगळ्यांना घातलेली शपथही सांगितली, कारण आता अर्धं सांगून अर्धं ठेवायचं म्हणजे पुन्हा तेच. रोहिणी ऐकत राहिली. मग तिने जो प्रश्न विचारला त्याची कौसाबाईंना सगळ्यात जास्त भीती होती. हे पुढे पोराबाळांना होतं का?

त्यांनी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तेच सांगितलं. हे लागण होणारं नाही, हाताला हात लावून, एका ताटात जेवून कोणाला होत नाही. पण रक्तात उतरू शकतं. होईलच असं नाही, होणारच नाही असंही नाही. नवनीतला आजवर काही नाही. "तुले लगीनना पह्यलेच सांगाले पाहिजे व्हतं," त्या म्हणाल्या, "चुकनं मन्हं."

रोहिणी उठली आणि बाहेर गेली. कौसाबाईंनी छताकडे पाहिलं. मागे न्हाणीजवळ लोटनरावांचा आवाज आला, पाणी तयार आहे म्हणून. मग रोहिणीचा आवाज, की हे पाणी आहे की चहाचं आधण, आबा, यात हात घातला तर साल निघेल. थोड्या वेळाने ती बादली घेऊन आली. तिने स्वतःचं कोपर बुडवून पाणी पाहिलं, जसं तान्ह्या बाळासाठी पाहतात, आणखी थोडं गार पाणी मिसळलं, आणि सासूचा एक एक हात उचलून त्यात ठेवला.  पाणी निवेपर्यंत ती तिथे भिंतीला टेकून बसून राहिली. कौसाबाई पाण्यात बोटं वाकवत राहिल्या, आणि त्यांना तिच्या चेहऱ्यावरून काहीही वाचता आलं नाही.

दोन दिवसांनी भरत आला. रोहिणीने सगळ्यांना नमस्कार केला. कौसाबाईंच्या मात्र पायांना हात न लावता लांबूनच हात जोडले. तापीफुईंच्या भुवया वर गेल्या. आता हे पाय दुखतात म्हणून की मन मोडलं म्हणून, हे विचारायची कौसाबाईंची छाती झाली नाही. मोटरसायकल वळणावरून दिसेनाशी झाली आणि त्या घरात येऊन उगाचच भांडी लावत बसल्या.

आखाजी आली. गावातल्या निंबाला झोके बांधले, दुसऱ्यांच्या लेकी येऊन गाणी म्हणायला लागल्या. घराघरातून पुरणाचा वास येत होता. कौसाबाईंनी केलं सगळं, पण मीठ दोनदा विसरल्या. फोन करावा तर काय बोलावं? नवनीत करायचा, तो म्हणायचा ती बरी आहे, आणि त्याच्यापलीकडे त्याला काही विचारायचं सुचायचं नाही. लोटनराव धीर द्यायला गेले की उलट घाबरवून यायचे. एकदा म्हणाले, नाही आली तर नाही आली, जबरदस्ती थोडीच करता येते. त्या दिवशी त्यांना पिठलं मिळालं, भाकरी मिळाली नाही.

सणानंतरच्या एका पहाटे कौसाबाई गोधडीत पडून घोटे फिरवत होत्या, तेवढ्यात उशाशी फोन वाजायला लागला. त्या वेळी फोन वाजणं म्हणजे काहीतरी वाईटच, असं त्यांना वाटलं. लोटनराव बंबाजवळ, त्यांना ऐकू येणार नव्हतं. स्क्रीनवर रोहिणीचा फोटो. बोट फिरवायला गेल्या, बोट सरळ गेलं नाही आणि फोन कट झाला. कौसाबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, अगदी रागाचं. फोन पुन्हा वाजला. या वेळी त्यांनी मान कशीबशी वळवली आणि सरळ नाकाने उचलला.

स्क्रीनवर रोहिणी दिसली, केस मोकळे, अजून झोपेतली, मागे चुलीचा उजेड. तिला आधी सासूचं नुसतं नाक दिसलं असणार, कारण ती खुदकन हसली. मग म्हणाली की आई, फोन उशीला टेकवा आणि हात दाखवा. हो, असाच. आता बोटं. एकेक. जोर करू नका. कौसाबाईंनी मुकाट्याने बोटं हलवायला सुरुवात केली, आणि तिकडे रोहिणीही त्यांच्याबरोबर स्वतःची बोटं वाकवत होती. मागून एक चेहरा पुढे आला, रोहिणीची आई. कौसाबाईंना वाटलं आता ऐकायचं ते ऐकावं लागणार. पण त्या बाईने हात जोडले, तब्येत सांभाळा म्हणाली, आणि पोरगी इथे आल्यापासून रोज पहाटे कोंबड्याच्या आधी उठून बसते, आज शेवटी फोन लावला, असं सांगितलं.

रोहिणीने फोन पुन्हा आपल्याकडे घेतला. "आईनी विचारं माले, परत जाशी का?" ती म्हणाली. "मी सांगं, जास ना. मी नही गयी ते आबा त्यासले बंबना पानीमा रोज उकयी काढतीन."

 कौसाबाईंचे डोळे भरून वाहायला लागले. पाणी कानशिलावरून ओघळून उशीवर पडत होतं आणि त्यांचा हात अजून छातीच्या वर यायला तयार नव्हता. त्यांना फार संकोच झाला. सुनेसमोर, विहिणीसमोर, असं. त्यांनी कसंबसं सांगितलं की पुसते गं, पण हात पोचत नाही डोळ्यांपर्यंत.

रोहिणीने तिकडून नीट बघितलं, घाई केली नाही.

"व्हाऊ द्या आई," ती म्हणाली. "आठ वाजता पुसा."